शेजारच्या सीटवरची बाई

तुम्ही एका धडधाकट म्हातारीला भ्रमिष्ट ठरवलंत. कशासाठी, तर तुमच्या सिनेमाच्या नावाला धक्का लागू नये म्हणून. काचेच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, निर्मात्याच्या खुर्चीत बसून, हातातला कप खाली न ठेवता, तुम्ही सांगून टाकलंत की असं काही घडलंच नाही. तुमच्या हाताखालच्यांनी ते वाक्य पाठ केलं, त्यांच्या हाताखालच्यांनी ते फोनवर म्हणून दाखवलं, आणि इकडे ती म्हातारी स्वतःच्याच डोळ्यांची उलटतपासणी घेत बसली आहे. वर पुन्हा तुम्ही म्हणता की हे प्रकरण काय आहे याची तुम्हाला कल्पना नाही. मग आता पहिल्यापासून ऐका, आणि मध्ये बोलू नका.

म्हातारीची मुलगी दातांच्या कवळ्या बनवते. दंतवैद्य जबड्याचा ठसा घेऊन पाठवतो. ही त्यात प्लास्टर ओतते, साचा सोडवते, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवते आणि मग सगळं भट्टीत घालून पक्कं करते. तिची कामाची खोली म्हणजे चष्म्याच्या दुकानामागची एक अंधारी जागा. घासयंत्र सुरू झालं की पांढरी धूळ उडते आणि पापण्यांवर बसते, त्यामुळे संध्याकाळी ती घरी येते ती पीठ चाळून आल्यासारखी. मोहल्ल्यात तिला सगळे कवळीवालीच म्हणतात. आपणही तेच म्हणू. तिला त्याचा राग येत नाही. सिनेमाच्या व्यासपीठावर ज्यांनी तिला ‘आदरणीय लेखिका’ म्हटलं, त्यांनीच पुढे तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

कवळीवालीला एक मोठा भाऊ होता. दादा. या दोघांना एकच खूळ होतं, आणि ते म्हणजे काळात मागे-पुढे जाणाऱ्या माणसांच्या गोष्टी. रद्दीवाल्याकडे मिळतील तशी पुस्तकं आणायची, मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल, शेवटचं पान शाबूत पाहिजे. त्याच गोष्टींवरचे सिनेमे जुन्या थिएटरात लागले की दुपारचा खेळ गाठायचा. सिनेमा सुटला की खरा खेळ सुरू व्हायचा. घरापर्यंत पायी यायचं आणि वाटभर भांडायचं. कवळीवालीचं काम भोकं पाडायचं, दादाचं काम ठिगळं लावायचं. हे त्यांनी लहानपणीच वाटून घेतलं होतं, जसं घरात भांडी कोणी घासायची आणि पुसायची कोणी हे ठरतं तसं.

ती म्हणायची, बघ, नायक मागे गेला, आगीतून बायकोला बाहेर काढलं, झालं. आता बायको जिवंत आहे, मग हा रडणार कशाला? रडलाच नाही तर यंत्र बांधणार कशाला? आणि यंत्रच नाही तर आगीतून तिला काढलं कोणी, शेजाऱ्याने?

दादा दहा पावलं रस्त्यातला एक खडा लाथाडत न्यायचा. मग म्हणायचा, छंद म्हणून बांधलं असेल. लोक तिकिटं जमवतात, याने यंत्र बांधलं.

ती म्हणायची, पुस्तकात असं नव्हतं. पुस्तकात बायको वाचत नाही. दादा म्हणायचा, पुस्तकात जे मरतात ते सिनेमात लग्न करतात, त्याला इलाज नाही, पडदा मोठा असतो, त्यावर रिकामी खुर्ची बरी दिसत नाही. त्याचा एक सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता, आणि तो हसला की आधी तो सुळा हसायचा, मग बाकीचे दात. आई दार उघडताना विचारायची, आज कोण जिंकलं? जिंकायचं कोणीच नाही. भोक राहायचं आणि ठिगळही राहायचं.

दादाला डोंगरापलीकडच्या गावात नोकरी लागली. रुजू व्हायला तो बसने निघाला. वळणावर बस दरीत गेली. कोणाची चूक होती हे कधी नीट कळलं नाही, आणि ही तक्रार त्याबद्दल नाही. बसचा वाहक तेवढा वाचला. आई आणि कवळीवाली त्याला भेटायला गेल्या तेव्हा तो इस्पितळात, प्लास्टरमधला पाय वर टांगलेला, पलंगावर होता. तो म्हणाला, तुमचा मुलगा फार खुशीत होता हो. शेजारच्या सीटवर एक बाई होत्या, त्यांच्याशी बोलत होता, हसत होता सारखा. त्या बाई वळणाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरल्या.

त्या बाईला यांनी खूप शोधलं. ती सापडली नाही. कोण होती, कशासाठी चालली होती, काय बोलली, काही नाही.

आईने वाहकाचं ते बोलणं पोटाशी धरलं. पोरगा हसत होता, एवढं तिला पुरलं. कवळीवालीच्या मात्र जिवाला ते डसलं. दादाचं शेवटचं हसू एका परक्या बाईच्या वाट्याला गेलं, आणि त्या बाईला त्याची किंमतही ठाऊक नसणार. बाजाराची पिशवी सांभाळत उतरली असेल आणि घरी जाऊन विसरली असेल. कवळीवाली तिचा मत्सर करत राहिली, वर्षानुवर्षं, न पाहिलेल्या बाईचा.

मग एक असं वर्ष आलं की ती दादापेक्षा मोठी झाली. हे कोणी सांगितलेलं नसतं. मोठा भाऊ जिथे थांबला तिथून आपण पुढे निघून जातो, आणि एक दिवस आरशात पाहताना लक्षात येतं की आता तो समोर आला तर आपल्याला ओळखणारही नाही. केसात चांदी, नाकावर चष्मा, पापण्यांवर धूळ. हाक मारलीच तर मावशी म्हणेल.

त्या दिवशी तिने गोष्ट लिहायला घेतली.

गोष्ट तुम्ही विकत घेतलीत, म्हणजे ठाऊक असणार, पण तुमच्या तोंडून ती इतक्या तऱ्हांनी ऐकली आहे की पुन्हा सांगितलेली बरी. एक बाई यंत्र बांधून काळात मागे जाते. तिचा भाऊ त्या बसमध्ये बसलेला आहे. त्याला खाली उतरवावं म्हणून ती आलेली आहे, पण ती भोकं पाडण्यात वाकबगार आहे. तिला कळतं की भाऊ उतरला तर ती कधी रडणार नाही, रडली नाही तर इथवर येणार नाही, आणि आली नाही तर त्याला उतरवणार कोणी नाही. म्हणून ती शेजारच्या सीटवर बसते. तो तिला ओळखत नाही. मावशी, खिडकी हवी का, असं विचारतो. ती नको म्हणते. मग ती त्याला हसवते. हसवण्यासारखं जे जे तिला आठवतं, सगळं त्याच्यासमोर ओतते. वळणाच्या अलीकडचा थांबा येतो, ती उतरते, तो खिडकीतून हात करतो. संपलं. वाहकाने सांगितलेली ती बाई म्हणजे तीच होती. पहिल्यापासून तीच होती. काही बदललं नाही, काही मोडलं नाही. या प्रकारच्या गोष्टींत ही एक अशी निघाली की जिला कुठेही भोक नव्हतं.

ठिगळ लावणारा नव्हता ना. म्हणून भोक पडून चालणार नव्हतं.

गोष्ट एका मासिकात आली. लोकांनी वाखाणली. आईने चष्मा लावून, शब्दावर बोट ठेवत, दोन दिवस लावून वाचली. मग मासिक मिटून तिच्याकडे पाहिलं.

“तू त्याच्या शेजारी बसलीस,” आई म्हणाली, “आणि एकटीच उतरलीस?”

कवळीवालीने तिला समजावलं. ही गोष्ट आहे, आई. त्याला उतरवलं असतं तर असं झालं असतं, तसं झालं असतं. आईने सगळं ऐकून घेतलं. तिला पटलंही असावं. पण त्या दिवसापासून तिचं बोलणं कामापुरतं झालं. चहा टाकलाय. गॅस संपत आलाय. छत्री ने. रागावलेली माणसं ताटल्या आपटतात. आईने त्या अगदी हळू ठेवायला सुरुवात केली, आणि ते जास्त लागायचं.

अशात तुमचा दिग्दर्शक आला. चांगला माणूस, खोटं कशाला बोला. चष्म्याच्या दुकानातून वाकून मागच्या खोलीत शिरला, कवळ्यांच्या रांगेकडे बघून दचकला, मग म्हणाला की ताई, तुमची गोष्ट वाचून मी माझ्या बहिणीला फोन केला. त्याला सिनेमा करायचा होता. कवळीवालीने एकच अट घातली, शेवट बदलायचा नाही. त्याने गळ्याची शपथ घेतली. करारात ती अट कुठे दिसली नाही, पण गळ्याची शपथ घेतलेल्या माणसाकडे कागद काय मागायचा, असा तिने विचार केला. भोकं पाडणारी बाई, आणि तिला एवढं मोठं भोक दिसलं नाही.

भावाचं काम करणारा नट देखणा होता आणि त्याचे दात म्हणजे मोत्यांची ओळ. दिग्दर्शकाने विचारलं, तुमच्या भावाचे दात कसे होते? कवळीवालीने नटाच्या जबड्याचा ठसा मागवून घेतला. त्याच्या दातांवर टोपणासारखं चढेल असं पातळ कवच तिने बनवायला घेतलं. फोटोत दादा तोंड मिटून उभा, त्यामुळे पाहायला काही नव्हतं. सुळा किती चढलेला, कोणत्या बाजूला कलला होता, त्याच्या कडेला चहाचा किती डाग, हे तिने डोळे मिटून, मेण बोटांनी दाबत दाबत शोधलं. चुकलं की वितळवायचं आणि पुन्हा. एका संध्याकाळी मेणातला सुळा बरोबर तसा बसला, आणि ती स्टुलावरून उठून बाहेर दुकानात जाऊन उभी राहिली. चष्मेवाल्याने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, धूळ गेली डोळ्यात.

आणि मग तिला कळलं की शेवट बदलला आहे. बाई भावाचा हात धरून त्याला बसमधून उतरवते, बस जाते, दोघं रस्त्यावर उरतात.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तुमच्याकडे आली. आठवतं ना? लांब टेबल होतं, भोवती तुमची माणसं, दिग्दर्शक खाली मान घालून कोपऱ्यात. तिने तुम्हाला सगळं सांगितलं, यंत्र कोणी बांधलं इथपासून. समोरचा पाण्याचा पेला घेऊन दाखवलं की हा सांडला म्हणून मी पुसायला आले, आणि येऊन सांडूच दिला नाही, तर मी आले कशाला? तुमच्यातल्या एकाने विचारलं, पण प्रेक्षकांना एवढं कुठे कळतं? ती म्हणाली, प्रेक्षकांना सगळं कळतं, तुम्हाला ते परवडत नाही. तुम्ही हसलात. तुम्ही म्हणालात की मुद्दा चोख आहे, मॅडम, पण माणूस तिकीट काढून मरण बघायला येत नाही. आणि तोंडाला पानं पुसून तिला लिफ्टपर्यंत पोचवलंत.

शेवटाच्या चित्रीकरणाला ती गेली ती भांडायलाच. आईनेही हट्ट धरला. मला बघू दे, एवढंच म्हणाली, आणि आदल्या दिवशीच चपला दाराशी काढून ठेवल्या.

रस्ता उजाड होता. एका बाजूला पत्र्याची शेड, तिथे थांबा केलेला. जुनी बस आणलेली, बाजूला छत्र्या, तारा, खुर्च्या, आणि ऊन असं की सावलीसुद्धा तापलेली. आईला शेडखाली बसवलं. कवळीवाली दिग्दर्शकाला गाठायला निघाली होती, तेवढ्यात सगळे गप्प झाले आणि बस आली.

दार उघडलं. आधी ती बाई उतरली, म्हणजे बाईचं काम करणारी नटी. तिच्यामागून, पिशवी खांद्याला लावून, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, गोंधळलेला, तो उतरला. बस निघून गेली. धूळ खाली बसली. तो गेलेल्या बसकडे बघत राहिला, मग वळला आणि म्हणाला, “मावशी, माझी बस गेली की हो.” आणि हसला. आधी सुळा हसला, मग बाकीचे दात.

कवळीवाली जिथे होती तिथेच उभी राहिली. दिग्दर्शकाला गाठायचं राहून गेलं.

आई खुर्चीतून उठली होती. “उन्हात नको रे उभा राहू,” ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात, जणू कोणी शाळेतून आलं आहे. “सावलीत ये.”

झालं, दृश्य वाया गेलं. कोणीतरी कपाळाला हात लावला. पण तो नट शहाणा निघाला. त्याने पिशवी खाली ठेवली नाही, दातांवरचं ते कवचही काढलं नाही. तसाच चालत शेडखाली आला आणि आईसमोर उभा राहिला. आईने त्याची कॉलर सरळ केली. मग दिग्दर्शकाने हळूच विचारलं, आजी, पुन्हा घ्यायचं आहे, चालेल? आई ओशाळली. म्हणाली, घ्या घ्या, मी आता बोलत नाही.

मग तो पुन्हा उतरला. पुन्हा बस गेली, पुन्हा हसला. कधी ढग आला, कधी बस पुढे जाऊन थांबली, कधी वाऱ्याने माईक फुरफुरला, आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा चढला आणि पुन्हा उतरला. आई पदर तोंडाशी धरून बघत होती. हवं तसं मिळाल्यावर दिग्दर्शकाने आईकडे पाहिलं, आणि सगळी माणसं सामान आवरायला लागली असताना म्हणाला, अजून एकदा घेऊ. ते कोणासाठी होतं हे सगळ्यांना कळलं. बसचा चालक न कुरकुरता गाडी मागे घेऊन गेला. तो पुन्हा एकदा उतरला.

परतीच्या गाडीत आईने कवळीवालीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. किती तरी दिवसांनी.

“उतरवलंस शेवटी,” ती म्हणाली.

कवळीवाली खिडकीबाहेर बघत होती. भोक तिला दिसत होतं, ते कसं न दिसणार? यंत्र कोणी बांधलं, हा प्रश्न जागच्या जागी होता. पण तिने त्यात बोट घातलं नाही. दिग्दर्शकाला तिने सांगून टाकलं की राहू दे हा शेवट, माझी तक्रार नाही. आणि घरात ताटल्या पुन्हा आवाज करायला लागल्या. आई येईल-जाईल त्याला सांगू लागली की सिनेमा येतोय, त्यात आमचा मुलगा बसमधून उतरतो, मी स्वतः बघितलंय. ती सिनेमाची वाट बघत होती म्हणणं पुरेसं नाही. तिला ते पुन्हा एकदा बघायचं होतं, बस्स, एवढ्याच एका गोष्टीसाठी ती सकाळी उठत होती.

आता तुमच्याकडे येऊ. तुम्ही सिनेमा तयार करून काही जाणत्या मंडळींना खासगीत दाखवलात. त्यांनी नाकं मुरडली. भाऊ उतरला तर यंत्र कोणी बांधलं, असं म्हणाले. तुम्हाला एकदम पाण्याचा पेला आठवला. तेव्हा जो मुद्दा चोख पण महाग होता, तो आता स्वस्त झाला. तुम्ही उतरण्याचा प्रसंग कापून टाकलात. तो बसमध्ये राहील, ती एकटी उतरेल, तो खिडकीतून हात करेल. हे चित्रीकरण तुमच्याकडे होतंच, दिग्दर्शकाने शपथेची आठवण ठेवून आधीच करून ठेवलेलं.

त्याने आनंदाने फोन केला. म्हणाला, ताई, तुम्ही जिंकलात. तुमचाच शेवट ठेवला, तुमच्याच मुद्द्यावर. कवळीवालीच्या हातात तेव्हा कोणा परक्याचा जबडा होता. तो तिने खाली ठेवला आणि विचारलं, पहिला शेवट परत लावता येईल का? दिग्दर्शकाला वाटलं, ही चेष्टा करते आहे.

आईला हे कसं सांगायचं? तिने सांगितलंच नाही. सांगू, आज सांगू, असं करता करता सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला दोघी गेल्या. आई पुढे सरकून बसली होती. पडद्यावर थांबा आला, तीच पत्र्याची शेड. बाई उतरली. दार मिटलं. बस निघाली आणि खिडकीतून त्याने हात केला.

नावं सरकली, दिवे लागले, झाडूवाला आला. आई जागची हलली नाही. तिने कुजबुजत विचारलं, “आपण लवकर तर नाही ना उठत? तो उतरायचाय अजून.”

इथपर्यंत तुमचा गुन्हा नव्हता. सिनेमा तुमचा, कात्री तुमची. आणि खरं तर तो शेवट कवळीवालीचाच. दोष द्यायचा तर तिने स्वतःच्या तल्लख डोक्याला द्यावा, आणि ती तो देतेच. एवढ्या पटवून सांगितलेल्या मुद्द्याने आपल्याच भावाला परत बसमध्ये बसवलं, हे ती कोणाला सांगणार?

पण सिनेमा गाजला. मूळ गोष्टीशी इमान राखणारा म्हणून गाजला. तुम्हाला हार-तुरे मिळाले, आणि प्रत्येक मुलाखतीत तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू लागलात की शेवट बदलण्याचा विचार आमच्या मनालाही शिवला नाही. दुसरा शेवट कधी चित्रित झालाच नाही. हे एकदा बोललात तेव्हा ती थाप होती. पुन्हा पुन्हा बोललात तेव्हा तिला इमारतीचा भक्कमपणा आला. मग आतल्या सगळ्यांना तसंच बोलावं लागलं.

कवळीवालीचं मागणं केवढं? तो कापलेला तुकडा एकदा दाखवा. सिनेमात नको, लोकांना नको, एका बंद खोलीत, एका म्हातारीला. दिग्दर्शकाने आधी फोन उचलले नाहीत. मग एकदा उचलून म्हणाला, ताई, माझे हात बांधलेत, आणि त्याचा आवाज इतका पडलेला होता की तिनेच फोन ठेवला. नटाचा फोन दुसराच कोणी घेतो. शेवटी ती तुमच्या इमारतीत आली. आईही बरोबर आली. तुमच्या एका गोड बोलणाऱ्या माणसाने दोघींना पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, आणि म्हणाला, असा प्रसंग चित्रितच झालेला नाही, मॅडम. मग आईकडे न बघता, आईसमोरच, आवाज मऊ करून म्हणाला, आजींचं वय झालंय. मनात असतं ते पाहिल्यासारखं वाटतं. होतं असं.

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. लिफ्टमध्ये तिने विचारलं, “मग मी कोणाला सावलीत बोलावलं?”

मी होते ना आई तिथे, कवळीवाली म्हणाली, मीही पाहिलंय. आई तिच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. तुला मन मोडायचं नाहीये माझं, म्हणाली.

तेव्हापासून हे सुरू झालं आहे. तुम्ही एक दुपार पुसलीत आणि तिच्यामागून बाकीच्या दुपारी पुसट व्हायला लागल्या. आई विचारते, जाताना त्याने निळाच शर्ट घातला होता ना, की तेही मी मनाने धरलं? विचारते, तो वाहक खरंच म्हणाला होता का की पोरगा हसत होता? तू ऐकलंस? नीट आठवून सांग. विचारते, त्याचा दात असा चढलेला होता ना? आणि बोट स्वतःच्या ओठावर ठेवून, कोणत्या बाजूला ते ठरवू शकत नाही. कवळीवाली प्रत्येक वेळी हो म्हणते, पण तिच्या ‘हो’ला आता घरात वजन राहिलेलं नाही. ती गोष्टी लिहिणारी. ती आईला बरं वाटावं म्हणून काहीही रचेल, असं आईला वाटतं. गेलेल्या मुलाच्या उरलेल्या आठवणी, आणि त्याही एकेक करून हातातून निसटतायत.

इतके जण ती यंत्रं बांधतात, पुस्तकात, पडद्यावर. बिचारे मागे जातात, धडपडतात, आणि झालेलं काही त्यांच्याने बदलत नाही. तुम्हाला यंत्रही लागलं नाही. खुर्चीतून न उठता तुम्ही मागे गेलात आणि झालेलं न झालेलं करून आलात. आणि भोकं पाडणाऱ्या बाईला त्यात एकही भोक सापडत नाही, कारण साक्षीदार सगळे तुमच्याच पगारावर आहेत.

तुमचा सिनेमा तुम्हाला लखलाभ. त्यातलं एक चित्रसुद्धा हलवू नका. तो तुकडा जाळला असेल, पुसला असेल, तरी तेही चालेल, तसं सांगा. माफी नको. पुरस्कार परत करायला कोणी सांगत नाही. फक्त फोन करा, किंवा माणूस पाठवा, किंवा एकदा स्वतः येऊन त्या म्हातारीसमोर बसा. ती तुम्हाला बोलणार नाही, तिचा तो स्वभाव नाही. ती एकच गोष्ट विचारेल, आणि तिला त्याचं उत्तर मुलीकडून नको आहे, तुमच्याकडून हवं आहे. तेच आता इथे विचारतो, चार लोकांसमोर, आणि उत्तर एका शब्दाचं आहे.

त्या उन्हात, त्या पत्र्याच्या शेडसमोर, तिचा मुलगा बसमधून खाली उतरला होता, की नव्हता?